“स्वतःबद्दल सांगा” म्हटल्यावर तुम्ही का अडखळलात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर सांगा. तुम्ही ऐरोलीत नोकरी करता आणि डोंबिवलीहून जाता-येता गाडीत तत्त्वज्ञान वाचता. मागच्या महिन्यात एका मुलाखतीत “स्वतःबद्दल सांगा” म्हणाले आणि तुमची बोबडी वळली, कारण त्याच आठवड्यात स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम वाचून झाला होता. आता तुम्ही विचारताय: फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त म्हणतो ‘मी’ हीच एक पक्की गोष्ट, ह्यूम म्हणतो शोधूनही सापडत नाही, बुद्ध म्हणतात आत्मा नाही, शंकराचार्य म्हणतात आत्म्यावाचून दुसरं काही नाही. चौघंही आपल्यापेक्षा हुशार. मग बरोबर कोण?

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मुंबईतल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातली बरीच वर्षं संध्याकाळच्या वर्गांना. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास कुणीतरी हा प्रश्न घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभं राहायचंच. सुरुवातीची काही वर्षं मी त्याचं वाईट उत्तर देत होतो. देकार्तला लॉकने चीत केलं, लॉकला ह्यूमने, ह्यूमला कांटने, अशी कुस्तीच्या फडासारखी गोष्ट सांगायचो. वर्ग रंगायचा. पण ऐकणाऱ्याच्या हाती एवढंच लागायचं की जो शेवटी आखाड्यात उतरला तो जिंकला, आणि आपल्याकडची मंडळी तर त्या आखाड्यात दिसायचीच नाहीत.

तुम्ही कशासाठी विचारताय यावरही बरंच अवलंबून आहे. नेट-सेट किंवा यूपीएससीसाठी असेल तर प्रत्येकाचं मत आणि त्यावरचे दोन आक्षेप नीट लिहिता आले की भागतं. घरात कुणी गेलं असेल आणि “ते आता कुठे असतील?” हे आत घोळत असेल, तर देकार्त तिथे फारसा कामाचा नाही, ते बोलणं वेगळं. आणि ‘मी खराच नाही, सगळं काचेपलीकडे चाललंय’ असं दिवसचे दिवस वाटत असेल, झोप उडाली असेल, तर त्यात ह्यूमचा काही हात नाही. आधी डॉक्टरांना भेटा, पुस्तक कुठे पळून जात नाही. तुमच्या लिहिण्यावरून मात्र तुम्हाला खरंच समजून घ्यायचंय असं दिसतं, म्हणून तसं धरून लिहितो.

माझं म्हणणं असं की या चौघांचं भांडण वरवर ‘मी’बद्दलचं असलं तरी त्याच्या तळाशी दुसरंच भांडण आहे: ‘कळलं’ असं कधी म्हणायचं? आपल्याकडे याला प्रमाणांचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा, प्रश्न म्हणतात. जुन्या दर्शनकारांची एक शिस्त होती. आत्म्यावर वाद घालण्याआधी तुम्ही प्रमाणं किती मानता ते सांगायचं. चार्वाक एकच मानतो, प्रत्यक्ष. दिङ्नागाच्या परंपरेतले बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोन. सांख्य त्यात शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं) घालून तीन, नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) धरून चार, भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहा. विद्यार्थिदशेत मला हा आकड्यांचा खेळ निव्वळ पाठांतराचा वाटायचा. पुढे शिकवता शिकवता ध्यानात आलं की सगळी गोम तिथेच आहे. दुधाचं माप घेऊन कुणी कापड मोजायला बसला, तर दुकानात कापडच नाही असं तो म्हणणार आणि त्याच्या जागी तो खोटंही बोलत नसणार.

स्वतःचंच उदाहरण देतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. माझ्या पिढीतल्या खेड्यातून आलेल्या निम्म्या लोकांची ती असते, कारण शाळेत घालताना मास्तरांनी प्रवेशाला सोयीची तारीख टाकली. आई सांगायची, तू पोळ्याच्या दिवशीचा. म्हणजे पिठोरी अमावस्या, पावसाळा उतरणीला लागल्यावर. मी स्वतः त्या प्रसंगाला हजर होतो, माझ्याइतका हजर तर कुणीच नव्हतं, पण मला त्यातलं काही कळलेलं नाही. माझ्या जन्माबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं ऐकीव आहे, शब्दप्रमाण. एका बाजूला आईचा शब्द, दुसऱ्या बाजूला मास्तरांची शाई. प्रत्यक्षाच्या बाजूला शून्य.

पहिल्या तासाला मी वर्गाला हेच करायला लावायचो. स्वतःबद्दल पक्क्या माहीत असलेल्या दहा गोष्टी वहीत लिहा. मग दुसऱ्यांनी सांगितल्या म्हणून माहीत असलेल्या खोडा. नाव गेलं, गाव गेलं, जात गेली, जन्मतारीख गेली. मग आठवणीतून आलेल्या खोडा, कारण आठवण दगा देते. मग अंदाजाने काढलेल्या, “मी शांत स्वभावाचा आहे” वगैरे. (याला शेजारचा मित्र लगेच आक्षेप घ्यायचा.) शेवटी उरायचं ते असलं काही: आत्ता पाठ दुखतेय, आत्ता भूक लागलीय, आत्ता हे कशाला चाललंय असं वाटतंय. तुम्हीही करून बघा. ठाणे ते ऐरोली तेवढ्याला पुरतं.

देकार्तने १६४१ सालच्या आपल्या ‘चिंतनं’ या पुस्तकात साधारण हीच खोडाखोड केली, फक्त फार निर्दयपणे. ज्यावर कणभर संशय घेता येतो ते सगळं बाद. इंद्रियं फसवतात, स्वप्नात आपण जागे असल्यासारखे असतो, आणि कुणी महाबलाढ्य ठकसेन मला सदोदित फसवत असेल तर? तरीही, फसायला मी असावा लागतो. ‘मी आहे’ हे वाक्य मी मनात आणतो तेव्हा तेव्हा ते खरंच असतं. इथे त्याचं माप बघा: संशय घेताच येणार नाही ते ज्ञान. एवढ्या कडक मापाने त्याला फार थोडं मिळालं. मी आहे हे मिळालं, मी काय आहे ते मिळालं नाही. पण तो तिथे थांबला नाही. मी म्हणजे विचार करणारं द्रव्य, शरीराहून निराळं, अशी उडी त्याने मारली. त्या उडीवर सगळ्यात नेमकं बोट ठेवलं ते कुणा प्राध्यापकाने नव्हे, बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने. १६४३च्या पत्रात तिने विचारलं की जागा न व्यापणारा आत्मा जागा व्यापणाऱ्या शरीराला हलवतो तरी कसा? देकार्तची त्यावरची उत्तरं अदबशीर आहेत, समाधानकारक नाहीत.

मला मात्र जास्त मजा वाटते ती भाषेची. ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे आपण पुस्तकात वाचतो. पण देकार्त तर संशय घेत होता ना? तो मराठी असता तर सहज काय म्हणाला असता? “मला शंका येते.” आता या वाक्यात कर्ता कोण? शंका. ती येते. मी आहे तो चतुर्थीत, ‘मला’. आपल्या आतलं जवळजवळ सगळं आपण असंच बोलतो: मला आठवतं, मला वाटतं, मला भूक लागली, मला राग आला, मला कळलं. आठवण मी करत नाही, ती येते, मी तिच्या येण्याचं ठिकाण. लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन विचारवंताने देकार्तवर हाच आक्षेप घेतला होता: वीज चमकते म्हणतो तसं ‘विचार होतो’ एवढंच म्हणा, ‘मी करतो’ कशाला? मराठी त्याचं अर्धं ऐकते. करणारा काढून टाकते, पण ‘मला’ ठेवते. सांख्यांचा पुरुष काहीसा असाच आहे, करत काही नाही, सगळं त्याच्यासमोर घडतं, आणि ‘मी केलं’ म्हणणारा अहंकार प्रकृतीचा. आता व्याकरणातून विश्वाची रचना सिद्ध होत नाही, हे बजावून ठेवतो. नाहीतर उद्या कुणी मराठी हीच सांख्यांची भाषा म्हणून लेख पाडेल. पण ‘मी’ म्हणजे करणारा, हे आपण देकार्तकडून न तपासता घेतो, एवढं तरी यातून दिसतं.

आता ह्यूम. तिशीच्या आतला पोरगा, १७३९ साली पुस्तक छापलं. त्याचं माप वेगळं: मनातल्या प्रत्येक कल्पनेमागे मूळचा एखादा अनुभवाचा ठसा दाखवता आला पाहिजे. तांबड्या रंगाची कल्पना? दाखवतो ठसा. ‘मी’ची? आत डोकावून बघा. थंडी सापडते, उकाडा सापडतो, राग, सुख, दुखणं. यांच्याशिवाय नुसता ‘मी’ कधीच हाती लागत नाही. म्हणून मन म्हणजे या प्रतीतींची मोळी. लोक म्हणतात ह्यूमने आत्मा नाकारला. नीट वाचलं तर त्याने आपलं माप लावलं आणि त्या मापात काही भरलं नाही, एवढंच झालं. १७४०च्या पुरवणीत त्याने स्वतःच कबूल केलं की मोळी बांधणारी दोरी कुठली, हे मलाही सांगता येत नाही. (याच माणसाने लिहून ठेवलंय की असल्या विचारांनी डोकं काळवंडलं की मी मित्रांबरोबर जेवतो, सोंगट्यांचा डाव मांडतो, आणि परत आल्यावर हे विचार थंड आणि हास्यास्पद वाटतात. मुलाखतीआधी वाचायला हे पान बरं.)

ह्यूम शिकवत असताना घडलेली एक गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकातला संध्याकाळचा वर्ग. १९८२च्या संपात गिरणी सुटलेले एक गृहस्थ बसायचे, वयाने माझ्याहून मोठे, सकाळी लालबागला भाजीची गाडी लावत. मी ह्यूम रंगात येऊन सांगत होतो. ते उठले आणि म्हणाले, “सर, मोळी ठीक आहे. पण आत जाऊन शोधून आला तो कोण?” वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “शोधणं हीसुद्धा मोळीतली एक काडीच, काका.” ते खाली बसले. पुस्तकी उत्तर म्हणून ते बरोबरच होतं. पण रात्री गाडीत बसल्यावर लक्षात आलं की काकांचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. ह्यूम धरून चालतो की ‘मी’ असेल तर तो आत सापडणाऱ्या वस्तूंपैकी एक वस्तू म्हणूनच सापडेल. काका विचारत होते, ते तसंच कशावरून?

या जागी आपल्याकडचा वाद फार बारीक गेला आहे आणि दुर्दैवाने तो आपण शिकतो कमी. न्यायवाल्यांचं घ्या. गौतमाच्या न्यायसूत्रांत तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच अशी: जे डोळ्यांनी पाहिलं तेच हाताने धरलं, हे कळतं कुणाला? डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रूप कळत नाही. “मी पाहिलेली वाटी हीच” म्हणणारा दोघांहून वेगळा हवा. पुढे तर आंबट फळाचंच उदाहरण येतं. शाळेबाहेरच्या गाडीवर तिखटमीठ लावलेली कैरी नुसती दिसली तरी तोंडाला पाणी सुटतं. पाहिलं डोळ्याने, पाझरली जीभ. मध्ये आठवण आहे, आणि आठवण त्यालाच येते ज्याने कधीतरी कैरी खाल्ली होती. पुढच्या काळातला नैयायिक उदयन, त्याचं सुटसुटीत वाक्य आहे: नान्यदृष्टं स्मरत्यन्यः, एकाने पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही. नैयायिक आत डोकावून आत्मा शोधत बसत नाही. धुरावरून आग ओळखावी तसा तो इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख, ज्ञान या खुणांवरून आत्म्याचं अनुमान करतो. ह्यूमचं माप प्रत्यक्षाचं, याचं अनुमानाचं.

बौद्ध यावर गप्प बसत नाहीत. आठवणीला एकच टिकून राहणारा माणूस कशाला हवा, अखंड प्रवाह पुरे. दाखला असा: सरकीला लाखेचा रंग देऊन पेरली तर पुढे बोंडातल्या कापसात लाली उतरते. बी राहिलेलं नसतं, पण त्याचा संस्कार ओळीने खाली येतो, आणि दुसऱ्याच्या शेतातल्या कापसात येत नाही. म्हणून माझी आठवण तुम्हाला येत नाही. बौद्ध भिक्षू नागसेनाने राजा मिलिंदाला रथाचं उदाहरण दिलं ते तुम्ही वाचलंच असेल: दांडा रथ नव्हे, आस रथ नव्हे, चाकं रथ नव्हेत, सगळं मिळून व्यवहारापुरतं ‘रथ’ हे नाव. मी वर्गात रथाऐवजी गाडी घ्यायचो. तुमची रोजची ८.१६ची लोकल. आजचे डबे कालचे नव्हेत, मोटरमन वेगळा, माणसं वेगळी, कधीकधी फलाटसुद्धा वेगळा. तरी तुम्ही म्हणता “आपली ८.१६”. तसा ‘मी’. रूप (देह), वेदना (सुखदुःखाची जाणीव), संज्ञा (ओळख), संस्कार, विज्ञान (जाणीव) यांचं ठरावीक क्रमाने येणं-जाणं. बुद्धांनी ‘आत्मा नाही’ म्हटलं त्याचा अर्थ तुम्ही नाही असा घेऊ नका. या पाचांत बदलत नाही असं, ‘हा मी’ म्हणून धरून ठेवावं असं काही नाही, एवढाच घ्या.

हे उदाहरण मी वर्षानुवर्षं दिलं. एकदा एका मुलीने मागच्या बाकावरून म्हटलं, “सर, काल चार मिनिटं लेट होतो हे ८.१६ला आठवत नाही. ते मला आठवतं.” झालं, नैयायिक परत उभा राहिला. प्रवाहाला बाहेरून नाव देणारा कुणीतरी असतो, पण ‘मी’ हे नाव प्रवाह स्वतःच स्वतःला देतो, हे कसं? बौद्धांकडे यालाही उत्तर आहे: प्रत्येक ज्ञानक्षण विषय दाखवताना स्वतःलाही उजळतो, दिव्यासारखा. दिवा बघायला दुसरा दिवा लागत नाही. याला स्वसंवेदन म्हणतात. नैयायिकाला ते पटत नाही. त्याच्या मते आधी घट (मडकं) कळतो आणि मग ‘मला घट कळला’ हे दुसऱ्या ज्ञानाने कळतं, त्याला तो अनुव्यवसाय म्हणतो. तिसरीकडे प्राभाकर मीमांसक म्हणतात की एकाच झटक्यात तिन्ही कळतात, वस्तू, तिचं ज्ञान आणि जाणणारा. पण जाणणारा कळतो तो जाणणारा म्हणूनच, समोरची वस्तू म्हणून नव्हे. माझ्या भाजीवाल्या काकांचं म्हणणं नेमकं हे होतं. त्यांनी प्रभाकराचं नावही ऐकलेलं नव्हतं.

चार्वाकाचं लवकर सांगून टाकतो. कणकेत नशा नसते, गुळात नसते, आंबवलं की चढते. तशी देहात जाणीव. प्रत्यक्षाचं माप घेतलं की एवढंच हाती येतं आणि आजच्या मेंदूवाल्यांपैकी पुष्कळांना ते बऱ्यापैकी मान्य होईल.

तुमच्या यादीत नसलेला इंग्रज तत्त्वज्ञ लॉक मात्र मध्ये आणावाच लागतो, कारण मुलाखत घेणाऱ्यांचा तत्त्वज्ञ तो आहे. त्याच्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत हा भाग नव्याने आला. त्याला आत्म्याच्या द्रव्याशी कर्तव्य नाही. ‘व्यक्ती’ हा त्याच्या लेखी न्यायनिवाड्याचा शब्द. मागे केलेलं आपलं म्हणून ओळखणारी जाणीव जिथवर मागे पोचते, तिथवर तीच व्यक्ती. बक्षीस आणि शिक्षा द्यायची कुणाला, हे ठरवायचं माप. त्याची अडचण थॉमस रीडने १७८५ साली दाखवली. लहानपणी बागेतली फळं चोरून मार खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो, म्हातारपणी सेनापती. अधिकाऱ्याला मार आठवतो, सेनापतीला अधिकारीपण आठवतं, पण मार आठवत नाही. म्हणजे सेनापती आणि मुलगा एकच आणि एक नव्हेतही! गंमत अशी की नागसेनाकडेही फळचोर आहे. तो राजापुढे म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते आंबे वेगळे, मला शिक्षा कसली? नागसेन म्हणतो, शिक्षा होणारच, कारण हे त्यातूनच आले. फळांच्या चोरीवाचून या विषयाचं पान हलत नाही असं दिसतं.

राहिले शंकराचार्य. त्यांना समजून घेताना लोक थेट ‘सगळं ब्रह्म’ला जातात आणि मग एकतर नमस्कार करतात नाहीतर उठून जातात. मी ब्रह्मसूत्रभाष्याच्या पहिल्याच पानापासून सुरुवात करायला सांगतो. तिथे ते म्हणतात की ‘तू’ म्हणून कळणारं आणि ‘मी’ म्हणून कळणारं ही दोन अंधार-उजेडासारखी परस्परविरुद्ध, तरी माणूस त्यांची सरमिसळ करतो. मी जाडा आहे, मी आंधळा आहे, मी दुःखी आहे. जाडी देहाची, आंधळेपण डोळ्याचं, दुःख मनाचं, आणि हे तिन्ही मला दिसतात. जे मला दिसतं ते मी कसा? हा अध्यास. मग पुढे ते म्हणतात की आत्मा नाकारता येत नाही, कारण नाकारणारा जो, तेच त्याचं स्वरूप. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला विचारतो, अगं, जाणणाऱ्याला जाणायचं कशाने? ज्ञानेश्वरांचा आरसा इथलाच. आरसा समोर धरला तर तोंड दिसतं, पण आरसा नव्हता तेव्हा तोंड नव्हतं असं कोण म्हणेल? ह्यूम आरशात बघून परत आला आणि म्हणाला, डोळा कुठे दिसला नाही, नुसती चित्रं दिसली. शंकराचार्य म्हणतील, बरोबर, दिसायचाच नव्हता.

इथवर माझं शंकराचार्यांशी जमतं. पुढची पायरी मात्र वेगळी आहे. जाणणारा वस्तू होत नाही, इथून ‘जाणणारा सगळ्यांत एकच’ इथवर जायला ते श्रुतीचा, म्हणजे वेद-उपनिषदांच्या शब्दाचा, आधार घेतात आणि तसं उघड सांगतात. शब्द हे प्रमाण मानलं तर पाऊल टाका, न मानलं तर तिथेच थांबा. दोन्ही प्रामाणिक आहे. प्रत्यक्षाचं माप हातात धरून ‘मला अद्वैत पटतं’ म्हणणारे अर्धवट. जर्मन तत्त्वज्ञ कांटही आपल्या ग्रंथाच्या १७८७च्या दुसऱ्या आवृत्तीत जवळजवळ त्याच उंबरठ्यावर थांबला: ‘मी विचार करतो’ हे माझ्या प्रत्येक प्रतीतीला जोडता आलं पाहिजे, नाहीतर ती माझी राहत नाही, पण त्यावरून आत्मा नावाच्या द्रव्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. नुसतं रिकामं ‘मी’. गिरगावात खेतवाडीत निसर्गदत्त महाराज ‘मी आहे’ एवढ्याच जाणिवेला धरून राहा म्हणत, १९८१ साली गेले. विड्यांचं दुकान चालवलेला माणूस आणि कोनिग्सबर्गचा प्राध्यापक कांट एकाच उंबरठ्यावर, फक्त एक आत गेला आणि एकाने दार लावून घेतलं, असं मला वाटतं. आत काय आहे यावर मी बोलणार नाही, तो माझा विषय नव्हे.

तर तुमच्या “बरोबर कोण?”वर माझं मत. देकार्तचं ‘आहे’ पक्कं, ‘काय आहे’ कच्चं. ह्यूमची पाहणी बरोबर, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मापाच्या बाहेरचा. बौद्ध आणि नैयायिक यांच्यात मी आयुष्यभर हेलपाटे घातले. आठवणीचा विषय निघाला की नैयायिक पटतो, स्वतःचे जुने फोटो बघताना बौद्ध. शंकराचार्यांचं पहिलं पान मला खोडता आलेलं नाही.

वाचायचं कसं, हेही विचारलंय तुम्ही. मिलिंद आणि नागसेनाच्या संवादातला रथाचा भाग मराठीत मिळतो, तो आधी. मग देकार्तची पहिली दोनच चिंतनं, दोन रविवारी दोन. मग ह्यूमचं व्यक्तीच्या एकपणावरचं प्रकरण आणि लगेच पुरवणी, पुरवणी सोडू नका. प्रत्येक वेळी पुस्तकाच्या कोऱ्या पानावर आधी लिहा: या माणसाच्या मते ‘कळलं’ कधी म्हणायचं? ते सापडेपर्यंत ‘मी’बद्दलचं मत वाचायची घाई नको. गाडीत उभ्याने शंकरभाष्य वाचू नका, एक वाक्य ठाण्याला सुरू होतं आणि वाशीला संपतं.

आणि पुढच्या मुलाखतीत लॉकचा ‘मी’ द्या. मागच्या कामात काय केलंत, कशाची जबाबदारी घेतलीत, चूक झाली तर कुणी निस्तरली. त्यांना तोच हवा असतो आणि तो खोटाही नाही. मलाही सरकारने त्याच हिशेबाने घरी पाठवलं. १ जूनचा जन्म म्हणून ३१ मे रोजी निवृत्त झालो. निरोपसमारंभ आटोपून घरी आलो तर थोरली बहीण आलेली होती. पेढा हातावर ठेवत म्हणाली, “पोळ्याला अजून तीन महिने आहेत. घाई केलीन त्यांनी.”